फुकटची जागा आणि वीस तास

आमच्या टीममध्ये सध्या एक साथ आलेली आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी लंचच्या वेळी कुणीतरी फोन पुढे करतो आणि व्हॅनमध्ये राहणाऱ्या एखाद्या जोडप्याचा व्हिडिओ दाखवतो. मागे समुद्र, खिडकीत कॉफीचा मग, मांडीवर लॅपटॉप. मग सगळ्यांचा मिळून एक उसासा. "चाळिशीपर्यंत पैसे साठवायचे आणि सुटायचं यार!" असं म्हणणारा तासाभरात प्रॉडक्शन इश्यूच्या कॉलवर असतो, ते सोडा. पण मला लिहायचंय ते या व्हिडिओवाल्यांबद्दल नाही. त्यांच्या आजी-आजोबांच्या वयाची माणसं इथे हेच करतात, फक्त व्हिडिओ न काढता, आणि वर संडास धुतात. त्यांच्याबद्दल.

मी सध्या टेक्सासमध्ये, ऑस्टिनला असतो. थंडी सुरू झाली की मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन आणि थेट कॅनडातून रिटायर्ड मंडळी दक्षिणेकडे सरकायला लागतात. त्यांना स्नोबर्ड म्हणतात. टेक्सासच्या पार खालच्या टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत, तर त्यांना 'विंटर टेक्सन' असं मानाचं नाव आहे. यातले बरेच जण आरव्ही घेऊन येतात. आरव्ही म्हणजे चाकांवरचा वन-बीएचके समजा: पलंग, ओटा, फ्रीज, बाथरूम, सगळं. आता या आरव्ही पार्क कुठे करायच्या? खासगी आरव्ही पार्कांत महिन्याचं भाडं असतं. दुसरा रस्ता स्टेट पार्कांचा. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा राज्यांत पार्कवाले 'होस्ट' नेमतात. जागा, वीज, पाणी, बऱ्याच ठिकाणी ड्रेनेजची जोडणीही फुकट, आणि बदल्यात आठवड्याला साधारण 20 ते 25 तास काम. तास जोडप्याने मिळून की प्रत्येकी, हे त्या त्या पार्कावर. एक-दोन महिने, फार तर तीन-चार. मग पुढचं पार्क.

काम काय? शेकोटीच्या लोखंडी कड्यांतली राख काढायची, कचरा उचलायचा, संडास-बाथरूम धुवायचे, रात्री उशिरा आलेल्यांना त्यांची जागा दाखवायची, आणि दिवसातून तीसदा एकच उत्तर द्यायचं: "सरपण गेटवर मिळतं." दंड वगैरे करायचा अधिकार होस्टला नसतो. कुणी मध्यरात्री गाणी लावून नाचत असेल तर आधी गोडीत सांगायचं आणि ऐकलं नाही तर रेंजरला फोन.

या जानेवारीत आई-बाबा इथे होते. बाबा वीज बोर्डातून अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले, त्याला दोन वर्षं झाली. दोन दिवसांसाठी एक छोटी आरव्ही भाड्याने घेऊन आम्ही रॉकपोर्टजवळच्या गूज आयलंड स्टेट पार्कला गेलो. ऑस्टिनहून साडेतीन-चार तास. ही गाडी लिटरला जेमतेम चार किलोमीटर देते म्हटल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, आमची एसटी यापेक्षा बरी. आणि ती पन्नास माणसं नेते."

गूज आयलंड निवडलं ते पक्ष्यांसाठी. शेजारच्या अरान्सासच्या अभयारण्यात हूपिंग क्रेन हिवाळा काढतात. आपल्या सारसाचे पांढरेशुभ्र भाऊबंद, चांगले पाच फूट उंच. कॅनडाच्या वुड बफेलो नॅशनल पार्कातून साधारण चार हजार किलोमीटर उडून येतात. 1941 मध्ये या थव्यात पंधरा-सोळा पक्षी उरले होते, आता पाचशेच्या वर आहेत. 2017 च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळ याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा रॉकपोर्टची वाताहत झाली, पण पार्कातला हजारावर वर्षांचा म्हणतात तो ओक वृक्ष टिकला. बाबांना पक्षी आवडले, झाड आवडलं, पण खरे रमले ते वेगळ्याच ठिकाणी.

आमच्या पुढच्या वळणावर होस्टची आरव्ही होती. होस्ट सत्तरीचे, आयोवातल्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होते. बाबांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते हातात ब्रश आणि बादली घेऊन बाथरूममधून बाहेर पडताना. मला हळूच विचारलं, "हा सुपरवायझर होता ना? मग संडास का धुतोय? पैसे कमी पडतात का?"

या प्रश्नावर मला जे वाटतं ते जरा स्पष्टच लिहितो. आपल्याला हे चित्र खटकतं त्याचं कारण पैसे नाहीत. संडास कुणी धुवायचा हे आपल्याकडे माणूस जन्मायच्या आधीच ठरलेलं असायचं, आणि आपल्यासारख्या घरांतून ते डोक्यातून अजून गेलेलं नाही. एखाद्या रिटायर्ड क्लास वन अधिकाऱ्याने बोरिवलीच्या नॅशनल पार्कात स्वच्छतागृह घासलं तर आधी त्याच्या मुलांना नातेवाइकांचे फोन जातील. इथे सगळं आदर्श आहे असं अजिबात नाही. इथल्या ऑफिसांत रात्री झाडलोट कोण करतं ते मी रोज बघतो. पण निदान कॅम्पग्राउंडवर ब्रश हातात असला म्हणून माणूस कमी होत नाही. लोक त्याला गुड मॉर्निंग म्हणतात, थांबून गप्पा मारतात.

असो. पैशाचाही प्रश्न आहेच, आणि तिथे बाबांचा संशय अगदी निराधार नव्हता. साधा हिशोब करू. समजा खासगी पार्कात महिन्याला 600 डॉलर गेले असते. महिन्याचे ऐंशी-पंच्याऐंशी तास काम. म्हणजे तासाला सात-साडेसात डॉलर. टेक्सासमध्ये किमान वेतन आहे 7.25, आणि 2009 पासून ते तसंच आहे. योगायोग असेल, पण बोलका आहे. हे कायद्यात बसतं कसं? इथला कामगार कायदा 1938 चा. त्यात 1985 साली दुरुस्ती झाली, त्यानुसार सरकारी संस्थेसाठी स्वेच्छेने काम करणारा कामगार ठरत नाही आणि त्याला थोडीफार सोय देता येते. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कंपनीला मात्र असे 'स्वयंसेवक' ठेवता येत नाहीत, पगार द्यावाच लागतो. म्हणजे तीच राख, तोच ब्रश. मालक कोण यावर ते काम की सेवा हे ठरतं.

राज्यालाही हे सोयीचं पडतं. टेक्सासमध्ये खेळाच्या सामानावरच्या विक्रीकरातला वाटा पार्कांना द्यायचा कायदा 1993 सालचा, पण विधिमंडळ वर्षानुवर्षं त्यातला तुकडाच पार्कांच्या हातावर टेकवायचं. शेवटी 2019 मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून तो पैसा बांधून दिला. सुमारे 88 टक्के मतं बाजूने! मधल्या काळात पार्कं ज्यांच्या जिवावर तगली त्यात हे म्हातारे होते. आणि सगळेच हौसेने आलेले नसतात. जेसिका ब्रूडरचं 'नोमॅडलँड' (2017) ज्यांनी वाचलंय किंवा त्यावरचा सिनेमा पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. 2008 च्या मंदीत घर किंवा बचत गमावलेली माणसं त्यात आहेत, गाडी हेच त्यांचं घर. दोन आरव्ही शेजारी उभ्या असतात आणि बाहेरून बघून एक हौस आणि एक नाइलाज, हे ओळखता येत नाही.

तरी मी या व्यवस्थेच्या बाजूने आहे. का, ते त्या संध्याकाळी कळलं.

आमच्या शेजारच्या मोठ्या आरव्हीतून तक्रार आली की दिवे विचित्र वागतायत. होस्ट टॉर्च घेऊन आले. बाबा हात मागे बांधून त्यांच्या पाठोपाठ. (रिटायर झाल्यापासून ते साताऱ्याच्या आमच्या सोसायटीच्या पंपाचे स्वयंघोषित चीफ इंजिनिअर आहेत. वॉचमन त्यांना टाळतो.) मोठ्या आरव्हीला 50 अँपिअरची जोडणी असते: 120 व्होल्टच्या दोन लाइन आणि दोघींत मिळून एक न्यूट्रल. तो न्यूट्रल सैल झाला की एका बाजूचं व्होल्टेज चढतं, दुसऱ्या बाजूचं पडतं, आणि फ्रीज-मायक्रोवेव्ह जळू शकतात. बाबांनी खिडकीतून पाहिलं. एक दिवा मंद, दुसरा भगभगीत. एवढंच म्हणाले, "न्यूट्रल. न्यूट्रल गॉन." होस्टनी वळून पाहिलं. मग दोघं एकदम ब्रेकरकडे गेले आणि तो पाडला. पुढचा अर्धा तास तोडक्यामोडक्या इंग्रजीत ते दोघं काय बोलत होते देव जाणे, मी मध्ये पडलो नाही. खोका उघडायची परवानगी होस्टला नव्हती, पार्कच्या मेंटेनन्सवाल्याची वाट बघायची होती. याचा बाबांना फार राग आला. "पाना द्या, दोन मिनिटांचं काम!" सकाळी मेंटेनन्सचा माणूस आला आणि दोष न्यूट्रलमध्येच निघाला. होस्ट मुद्दाम आमच्याकडे येऊन बाबांना ते सांगून गेले.

बाबा इतक्या मोकळेपणी हसलेले मी दोन वर्षांत पाहिले नव्हते. त्यांना आम्ही सगळे काय सांगतो? आता आराम करा. दगदग करू नका. नातेवाईक, डॉक्टर, मी, सगळे. स्वतःच्या बाबतीत आपण म्हणतो 'सुटायचं', आईवडिलांच्या बाबतीत 'आराम', आणि दोन्हीत गृहीत एकच, की काम ही संपवायची गोष्ट आहे. त्या होस्टकडे पाहून माझं मत पक्कं झालं की संपवायची गोष्ट नोकरी आहे. काम लहान करायचं. आठवड्याला वीस तास, सकाळी सुरू होऊन दुपारी दिसेल असं संपणारं, आणि आपण नाही गेलो तर कुणाला तरी जाणवेल असं. माझ्या स्प्रिंट बोर्डावरचं काम या शेवटच्या कसोटीला कधी उतरलेलं मला आठवत नाही.

आईचं मत मात्र वेगळं पडलं. होस्टच्या बायकोने तिला आरव्ही आतून दाखवली. कौतुकाने सगळं बघून झाल्यावर आईने मला मराठीत विचारलं, "आणि स्वयंपाक कोण करतं?" मी भाषांतर केलं. त्या बाई हसल्या आणि स्वतःकडे बोट दाखवलं. "मग हिची रिटायरमेंट कधी?" आई म्हणाली. हे मी भाषांतरित केलं नाही.

व्हिडिओवाल्या मित्रांसाठी आणखी एक. ही सगळी मजा तीन खांबांवर उभी आहे: दरमहा येणारा सोशल सिक्युरिटीचा चेक, पासष्टीनंतरचं मेडिकेअर, आणि एवढं धूड चालवू शकणारं शरीर. मेडिकेअरमध्येही मेख आहे. सरकारचं मूळ मेडिकेअर देशभर कुठेही ते स्वीकारणाऱ्या डॉक्टरकडे चालतं. खासगी कंपन्यांमार्फतचं ॲडव्हांटेज घेतलं की बहुतेक वेळा स्थानिक नेटवर्कात अडकता. आयोवाचा प्लॅन घेऊन टेक्सासच्या समुद्रकाठी गुडघा दुखवून घेऊ नये. आणि शरीर थकल्यावर? लिव्हिंगस्टन नावाच्या टेक्सासमधल्या गावात 'एस्केपीज' या आरव्हीवाल्यांच्या जुन्या क्लबचं ठाणं आहे. हजारो फिरस्त्यांचा कायमचा पत्ता तोच, टपाल तिथून पुढे जातं. तिथेच आजारी, वृद्ध आरव्हीवाल्यांसाठी एक केंद्र आहे. आपल्या आरव्हीतच राहायचं, जेवण आणि मदत तिथे मिळते. आयुष्यभर हिंडलेल्या गाड्या शेवटी एका रांगेत उभ्या. व्हिडिओत हे गाव येत नाही.

परतताना मी गमतीत म्हटलं, "बाबा, पुढच्या हिवाळ्यात तुम्हीच होस्ट व्हा." गंमतच, कारण व्हिजिटर व्हिसावर फुकट जागा हा मोबदला धरला जाऊ शकतो आणि त्या भानगडीत कुणी पडू नये. पण बाबांनी ते गंभीरपणे घेतलं. साताऱ्यात असं काही आहे का, विचारू लागले. मी विचार केला. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरची प्राणिगणना असते, पण ती एक रात्र. दुर्गसंवर्धनवाली पोरं दर वीकएंडला गडांवरची टाकी उपसतात, मला त्यांचा फार आदर आहे, पण बाबांच्या गुडघ्यांना अजिंक्यतारा गाडीने जमतो, वासोटा नाही. देवस्थानं आहेत, तिथे बाबा जाणार नाहीत. आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना आठवड्यातून चार दिवस शिकवता येईल का, हे त्यांनीच काढलं. मी म्हटलं विचारून बघा. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर सुविचार यायचे बंद झालेत आणि अर्थिंगच्या हाताने काढलेल्या आकृत्यांचे फोटो येतायत, "हे पोरांना समजेल का?" असं विचारत. मला स्वतःला त्यातल्या निम्म्या समजत नाहीत.