जुन्या वेलींची साक्ष

मद्य आणि समाजवाद हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडील बहुतेक वाचकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती अकारण पडत नाही. दारूने उद्ध्वस्त केलेली घरे ज्यांनी वस्तीवस्तीतून पाहिली, बाटली आडवी करण्यासाठी गावोगावच्या स्त्रियांनी रांगा लावून केलेले मतदान ज्यांनी पाहिले, त्यांना द्राक्षमद्याच्या रसास्वादाची चर्चा ही तृप्त वर्गाची करमणूक वाटली तर नवल नाही. शिवाय हा रसास्वाद ज्या थाटात चालतो तो थाटच मुळी सामान्य माणसाला दूर लोटणारा आहे. लांब दांड्याचे पेले, परभाषेतील विशेषणांची खैरात आणि बाटलीवरील किमतीचा चोरटा उल्लेख, एवढ्या भांडवलावर अभिरुची सिद्ध झाली असे तेथे मानले जाते.

तरीही या विषयाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही. कोणत्या वस्तूचे मोल किती आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न चवीच्याही पोटात दडलेला असतो. ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यात होणाऱ्या शिराझ या तांबड्या मद्यात तो जितका स्वच्छ दिसतो तितका फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

बरोसा हे खोरे ॲडलेड शहराच्या ईशान्येस सुमारे ६० किलोमीटरांवर आहे. १८३७ साली कर्नल विल्यम लाइट यांनी स्पेनमधील एका रणभूमीच्या नावावरून या डोंगररांगेला नाव दिले आणि नोंदीत त्याचे स्पेलिंग चुकले. ती चूक आजतागायत जगभरच्या बाटल्यांवर छापली जाते. नाव देणाऱ्यांनी तेथे आधीपासून राहणाऱ्या पेरामंक, न्गाजुरी आणि काउर्ना लोकांना मात्र काही विचारले नव्हते. पुढे प्रशियाच्या राजाने लादलेली उपासनापद्धती नाकारून सायलीशियातून परागंदा झालेले ल्यूथरपंथी शेतकरी येथे आले आणि १८४२ साली त्यांनी बेथनी हे गाव वसविले. लँगमाइल येथील एक शिराझची बाग १८४३ सालची मानली जाते. तिच्यातील वेली अजून फळ देतात.

हे शक्य झाले त्याचे कारण एक कीड आहे, किंवा तिचे न येणे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्समधील बागा धुळीस मिळविल्या. युरोपला आपल्या वेलींची कलमे अमेरिकी खुंटांवर बांधून नव्याने सुरुवात करावी लागली. दक्षिण ऑस्ट्रेलियात कडक निर्बंधांमुळे ही कीड शिरू शकली नाही, म्हणून बरोसातील जुन्या वेली आपल्याच मुळांवर उभ्या आहेत. शिराझ या नावाचा इराणमधील नगराशी संबंध जोडणारी कथा मोठी रम्य आहे. परंतु १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या जनुकीय तपासणीने या द्राक्षाचे आईबाप फ्रान्समध्येच सापडले आणि कथा निकालात निघाली.

आता प्रत्यक्ष पेल्याकडे वळावे. मद्य फार गार नसावे. सोळा ते अठरा अंश पुरेसे असतात. मुंबईच्या उन्हाळ्यात ‘खोलीच्या तापमानाला’ हा युरोपीय उपदेश पाळला तर पेल्यात फक्त अल्कोहोलची वाफ नाकाला झोंबेल. रंग पिकलेल्या जांभळाचा असतो. पेला तिरका धरला की तरुण मद्याच्या कडेला निळसर झाक दिसते आणि जुन्या मद्याची तीच कड विटकरी होते. पेला सावकाश फिरवून नाकाशी न्यावा. इंग्रजी वर्णनांत येथे ब्लॅकबेरी आणि प्लम यांची नावे येतात. ज्याने ही फळे कधी चाखली नाहीत त्याने ती पाठ करण्याचे काहीच कारण नाही. वैशाखात पळसाच्या द्रोणातून विकली जाणारी काळी करवंदे, वाळविलेले आलुबुखार, ज्येष्ठमधाची काडी, कडवट चॉकलेट ही सर्व तेथे आहेत. मद्य अमेरिकी ओकच्या पिंपात मुरले असेल तर व्हॅनिलाचा आणि किंचित सुक्या खोबऱ्याचा वासही येतो. जिभेवर घेतल्यावर आधी फळाचा भरीव गोडवा जाणवतो. तो साखरेचा नसून पक्वतेचा असतो. मग हिरड्या आवळून धरणारा तुरटपणा येतो. जांभळे खाऊन झाल्यावर जीभ जशी खरखरीत होते तसाच हा प्रकार आहे आणि कारणही तेच: सालीतील व बियांतील टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते. चांगल्या मद्यात हा तुरटपणा बारीक दळलेल्या पिठासारखा मऊ असतो, वाईटात तो भरड असतो.

काळ्या मिरीचा जो वास शिराझमध्ये येतो तो कवीकल्पना नव्हे. ऑस्ट्रेलियातील मद्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले की रोटंडोन नावाचे एकच द्रव्य मिरीत आणि शिराझच्या द्राक्षात असते. थंड जागी ते अधिक तयार होते. म्हणून बरोसाच्या तळखोऱ्यातील मद्य जड आणि फळाळ लागते, तर शेजारच्या उंचावरील ईडन खोऱ्यातील मद्यात मिरी अधिक स्पष्ट होते. याच संशोधनातील दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. सुमारे पाचातील एका माणसाला हा वास कितीही तीव्र केला तरी येतच नाही. मेजाभोवती पाच रसिक बसले असतील आणि पाचही जण मिरीच्या नावाने माना डोलावीत असतील, तर त्यांतील एखादा बहुधा शेजाऱ्याकडे पाहून डोलावीत असतो!

किमतीची गोष्टही अशीच आहे. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००८ सालीच प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच मद्य दोन निरनिराळ्या किमती सांगून लोकांना दिले गेले. महागडी किंमत ऐकून प्यालेल्या मद्याने अधिक आनंद दिला, आणि मेंदूच्या तपासणीतही तो आनंद खरा असल्याचे आढळले. माणसे खोटे बोलत नव्हती. किंमतच त्यांच्या जिभेत शिरली होती. पैशाचे राज्य इतके खोल गेल्यावर ‘चोखंदळ ग्राहक’ या बाजारपेठेच्या आवडत्या व्यक्तीवर किती विश्वास ठेवावयाचा, याचा विचार झाला पाहिजे. बरोसाने याचा अनुभव दुसऱ्या दिशेनेही घेतला. १९९० नंतर एका अमेरिकी समीक्षकाच्या शंभरपैकी गुणांनी बाटल्यांचे भाव ठरू लागले, तेव्हा गुण मिळविण्यासाठी कित्येकांनी द्राक्षे अति पिकू देऊन पाकातल्या मुरांब्यासारखी, घसा भाजणारी मद्ये केली. त्यांतील बरीचशी आता कोणी आठवणीने पीत नाही.

परंतु बरोसाच्या शिराझमध्ये जी चव सर्वांत मोलाची आहे ती या गुणपत्रिकांच्या आधीची आहे, आणि बाजाराने तिला एकदा मृत्युदंड ठोठावला होता.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियात लोकांची आवड पांढऱ्या मद्याकडे वळली. तांबड्या द्राक्षाला कोणी विचारीना. बरोसातील सॉल्ट्रम या मद्यशाळेत पीटर लेहमन हे प्रमुख होते. खोऱ्यातील अनेक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या त्यांना द्राक्षे घालीत, तीही लेखी करारावर नव्हे तर दिलेल्या शब्दावर. मालक कंपनीने हिशेब मांडला आणि शेतकऱ्यांकडून खरेदी थांबविण्याचा हुकूम पाठविला. लेहमन यांनी सांगितले की शब्द त्यांनी दिलेला आहे आणि तो मोडता येणार नाही. १९७९ साली त्यांनी या शेतकऱ्यांची द्राक्षे घेण्यासाठी स्वतंत्र उद्योग उभा केला. त्याला नाव दिले मास्टरसन. एका गाजलेल्या अमेरिकी संगीतिकेतील जुगाऱ्याचे हे नाव. आपण जुगार खेळत आहोत हे लपविण्याची गरज त्यांना वाटली नाही. हंगामात ते वजनकाट्यापाशी बसत, येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला खाऊपिऊ घालीत आणि गाडी मोजून घेत. या घटनेची गणना पुष्कळजण औदार्यात करतात. वस्तुतः तो व्यवहाराचा वेगळा विचार होता: ज्याच्या श्रमावर धंदा उभा आहे त्याला एका मंदीत सोडून दिले, तर पुढच्या तेजीत धंद्यापाशी काय उरणार?

शासनाने याच्या उलट वाट धरली. १९८० च्या दशकाच्या मध्यास अतिरिक्त उत्पादनावर उपाय म्हणून वेली उपटण्यासाठी शेतकऱ्यांना अनुदान देण्यात आले. कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्याने ते घेतले याबद्दल त्याला दोष देता येत नाही. वेलीचे वय वाढते तसे उत्पन्न कमी होते. त्यामुळे अर्थशास्त्राच्या साध्या गणितात सर्वांत जुनी वेल सर्वांत निरुपयोगी ठरत होती. शतक उलटलेल्या बागा ट्रॅक्टरने ओढून काढून जाळण्यात आल्या. काही थोड्या मद्यकारांनी, त्यांत रॉकफर्डचे रॉबर्ट ओकॅलहन आणि चार्ल्स मेल्टन ही नावे ठळक आहेत, जुन्या वेलींच्या द्राक्षाला चालू भावापेक्षा अधिक दाम देऊन ती विकत घेतली आणि काही कुटुंबांनी निव्वळ हट्टाने आजोबांची बाग राखली. जे वाचले ते एवढ्यामुळे वाचले. दहा वर्षांत ब्रिटन आणि अमेरिका याच मद्यासाठी रांग लावू लागल्या. २००९ साली बरोसाने जुन्या वेलींची सनद केली. ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षे अशा पायऱ्या लावून वेलींना मानाची नावे दिली. उपटण्याचे अनुदान आणि जपण्याची सनद यांत पाव शतकही गेले नव्हते.

जुनी वेल म्हणजे आपोआप श्रेष्ठ मद्य, असे मात्र कोणी समजू नये. त्या वेलीची फळे थोडी आणि बहुधा लहान असतात, मुळे खोल गेलेली असतात, दुष्काळात ती डगमगत नाही, इतके खरे. बाकीचे काम माणसाचे. जुन्या बुटक्या वेलींवर यंत्र चालत नाही. हिवाळ्यातील छाटणी आणि शरदातील तोडणी हातांनीच होते. बाटलीवरील वर्णनात त्या हातांना जागा नसते.

मॅक्स शूबर्ट यांची कथा सुप्रसिद्ध असल्याने थोडक्यात सांगता येईल. पेनफोल्ड्स कंपनीत निरोप्या म्हणून लागलेल्या या माणसाने १९५१ साली ग्रेंज हे दीर्घकाळ टिकणारे शिराझ प्रथम केले. जाणकारांनी त्याची टर उडविली. एकाला तर त्यात चिरडलेल्या मुंग्यांची चव लागली. १९५७ साली व्यवस्थापनाने ते बंद करण्याचा आदेश दिला. शूबर्ट यांनी तीन हंगाम ते तळघरात लपवून केले. आज तेच मद्य देशाचा वारसा म्हणून मिरविले जाते आणि ते करणाऱ्या कामगाराच्या वेतनातून त्याची एक बाटलीही सहज घेता येत नाही.

येथे एक आक्षेप सरळ मान्य केला पाहिजे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. तांबडे मद्य हृदयाला हितकारक असल्याचा प्रचार धंद्याला सोयीचा होता. रसास्वाद जाणणाऱ्याने तो प्रचार करू नये आणि न पिणाऱ्याला अरसिक म्हणू नये. शेतकऱ्याचे नाव पुढे करून मद्यविक्री वाढविणे हाही तसाच दांभिक प्रकार आहे. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून द्राक्षमद्य विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा द्राक्षबागायतदारांच्या कल्याणाचीच भाषा वापरली गेली. त्या बागायतदाराला किलोमागे कोणता भाव बांधून मिळणार, हे त्या गदारोळात कोणी विचारल्याचे आठवत नाही.

नाशिकच्या शेतकऱ्याला तर हा धडा आधीच मिळालेला आहे. मद्याच्या द्राक्षांना मोठे भवितव्य आहे असे ऐकून त्याने शिराझ लावली, खरड छाटणी आणि फळछाटणी अशी वर्षातून दोनदा छाटून वाढविली. आणि २००८ नंतरच्या मंदीत मद्यशाळांनी हात आखडते घेतले तेव्हा अनेकांनी बागा उपटल्या. तेथे कोणी लेहमन वजनकाट्यावर बसला नव्हता. त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार कराराने महागड्या ऑस्ट्रेलियन मद्यावरील आयातशुल्क दीडशे टक्क्यांवरून उतरविण्यास प्रारंभ केला. पाच डॉलरांहून स्वस्त बाटलीला ती सवलत नाही; देशी उत्पादकाला तेवढेच संरक्षण. बरोसाचे शिराझ आता मुंबईच्या मेजावर हळूहळू स्वस्त होईल आणि नाशिकच्या शिराझशी त्याची तुलना होऊ लागेल. ती तुलना चवीची असेल तर तिचे स्वागत आहे.

मात्र चवीची तुलना करावयाची तर माहिती पूर्ण हवी. ऑस्ट्रेलियन बाटलीवर प्रदेश, वाण आणि वर्ष लिहिले असेल तर किमान ८५ टक्के द्राक्ष त्याच प्रदेशाचे, वाणाचे आणि वर्षाचे असले पाहिजे, असा कायदा आहे. अल्कोहोलचे प्रमाण छापावे लागते. मग त्याच कागदावर द्राक्षाला टनामागे दिलेला भाव छापण्यास अडचण कोणती? ज्यांना मातीचा गुण जिभेवर ओळखता येतो त्यांना हा आकडा वाचणे जड जाऊ नये.

लेहमन यांची कंपनी २००३ साली एका स्विस उद्योगाकडे आणि २०१४ साली स्वस्त मद्याच्या राशी निर्यात करणाऱ्या कॅसेला कंपनीकडे गेली. लेहमन स्वतः २०१३ मध्ये वारले. २०२० च्या अखेरीस चीनने ऑस्ट्रेलियन मद्यावर दोनशे टक्क्यांपर्यंत शुल्क बसविले आणि मार्च २०२४ मध्ये ते उठविले. तोपर्यंत टाक्या भरून वाहत होत्या. बरोसाच्या पूर्वेस, मरी नदीच्या काठी असलेल्या रिव्हरलँडमध्ये तांबड्या द्राक्षाला उत्पादनखर्चही सुटत नाही असा भाव मिळू लागला. १९९० च्या दशकातील तेजीत लावलेल्या शिराझच्या बागा तेथे आता उपटून बांधावर रचल्या जात आहेत.