बर्फाची पेटी आणि समीक्षेचे सोवळे

वाघोटन खाडीच्या मुखावरचा विजयदुर्ग म्हटला की आपल्या समीक्षेला आंग्रे, गलबते आणि सूर्यास्त आठवतात. होडीवरची बर्फाची पेटी मात्र ‘अवाङ्मयीन’ ठरते. आमचा आक्षेप या सोवळ्यालाच आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. त्यावरच खलाशाचे पाणी, पर्यटकाचे सरबत गार राहते आणि मासळी टिकते. झाकण वारंवार उघडले, की हा हिशेब कोलमडतो. १८३० च्या दशकात अमेरिकेहून जहाजाने मुंबईत आलेला बर्फ धनिकांच्या मेजवानीची चैन होता. आज तो मच्छीमाराच्या खर्चातली अटळ बाब आहे. चैनीपासून गरजेपर्यंतचा हा प्रवास न वाचता कोकणच्या साहित्याला ‘निसर्गरम्य’ म्हणणे हे कौतुक नव्हे, टाळाटाळ आहे.