दार लावण्याआधी कारण सांगा

राज्यातल्या २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि बऱ्याच वर्षांनी शहरांच्या सभागृहांत नगरसेवक आले. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून, तर नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांत २०२० पासून प्रशासकांचाच कारभार होता. स्थायी समितीची मंजुरी असो की मुख्य सभेचा ठराव, एकाच अधिकाऱ्याच्या सहीने सगळे होत होते. प्रस्ताव ठेवणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. बैठक लोकांसमोर झाली की बंद दाराआड, हा प्रश्न त्या काळात कोणी विचारला नाही, कारण बैठकच होत नव्हती. आता सभा भरू लागल्या आहेत, तेव्हा हा प्रश्न विचारायलाच हवा. नगरसेवक आले म्हणजे कारभार आपोआप लोकांच्या नजरेसमोर आला, असे होत नाही.

महापालिकेची सभा बंद दाराआड घेता येते का? येते. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा आणि इतर महापालिकांना लागू असलेला १९४९ चा कायदा, दोन्हींची याबाबतची भाषा जवळपास सारखीच आहे. प्रत्येक सभा लोकांना खुली राहील, हा मूळ नियम. मात्र एखादी चौकशी किंवा विचारविनिमय खासगीत व्हावा, असे हजर नगरसेवकांपैकी बहुसंख्यांना वाटले, तर तसा ठराव करून सभा बंद करता येते. पीठासीन अधिकारी स्वतःहून किंवा कोणाही सदस्याच्या विनंतीवरून हा ठराव मताला टाकतात. या तरतुदीतला एक बारकावा सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. हा ठराव पूर्वचर्चेशिवाय मताला टाकायचा असतो. दार लावावे की नाही यावर कोणी बोलायचे नाही, फक्त हात वर करायचे.

यामागे विचार नाही असे नाही. गुप्ततेची गरज का आहे हे उघड सभेत सविस्तर सांगत बसले, तर गुप्त ठेवायची गोष्ट त्या चर्चेतच फुटेल. पण कायद्याने चर्चेला मनाई करताना तिच्या जागी दुसरे काहीच ठेवले नाही. कोणत्या विषयांसाठी सभा बंद करता येईल, याची यादी नाही. कारण नोंदवण्याचे बंधन नाही. बंद सभेत झालेले कामकाज पुढे कधी खुले करायचे, याचाही उल्लेख नाही. आयत्या वेळी आलेला विषय सभेपुढे घ्यायचा असला तर याच कायद्याला साधे बहुमत पुरत नाही, तिथे त्याहून मोठी संमती लागते. लोकांना बाहेर काढायला मात्र निम्म्याहून एक मत जास्त पडले की भागते. आमच्या मते ही उफराटी रचना आहे. ती सव्वाशे वर्षांहून जुन्या कायद्यातून आली म्हणून पवित्र मानण्याचे कारण नाही.

काही गोष्टी बंद दाराआडच व्हायला हव्यात, हे आधी मान्य करू. समजा, महापालिकेला शाळेसाठी एक भूखंड वाटाघाटीने घ्यायचा आहे. सभेने किमतीची कमाल मर्यादा ठरवली आणि तो आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आला, तर जमीनमालक त्या आकड्याच्या खाली एक रुपया उतरणार नाही. भुर्दंड करदात्यालाच पडेल. न्यायालयात दावा चालू आहे आणि पालिकेची बाजू कुठे लंगडी पडते हे वकिलाने सांगायचे आहे, तर ते प्रतिपक्षाच्या कानावर पडता कामा नये. कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार लैंगिक छळाची असेल, तर २०१३ च्या कायद्यानेच तक्रारदाराची ओळख आणि चौकशीचा तपशील प्रसिद्ध करायला मनाई केली आहे. जलशुद्धीकरण केंद्राच्या सुरक्षेचे आराखडेही चव्हाट्यावर मांडायचे नसतात.

या सगळ्या उदाहरणांत एक सारखेपणा आहे. कोणते नुकसान टाळायचे आहे, ते बोट ठेवून दाखवता येते, आणि ते टळले की गुप्ततेची मुदतही संपते. भूखंडाचे खरेदीखत झाले की कमाल मर्यादेचा आकडा लपवून काहीच साधत नाही. उलट तो जाहीर झाला, तर सौदा कसा झाला हे लोकांना तपासता येईल. ज्या गुप्ततेला मुदतच नाही, तिच्याकडे संशयाने पाहावे. ठेकेदाराला मुदतवाढ का दिली, विकास आराखड्यातले आरक्षण का उठवले, बसभाडे किती वाढवायचे, हे विषय अडचणीचे असतील, पण गोपनीय नाहीत. सत्ताधाऱ्यांची पंचाईत होणे आणि शहराचे नुकसान होणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्या कायद्याच्या भाषेत दोन्हींसाठी दार एकच.

आपल्या पालिका कायद्यांचे वळण इंग्रजी अमदानीचे आहे, त्यामुळे तिकडे पुढे काय घडले ते पाहणे उपयोगाचे ठरते. वेल्समधल्या टेन्बी या छोट्या गावाच्या नगरपालिकेने एका स्थानिक बातमीदाराला सभेतून बाहेर ठेवले. प्रकरण न्यायालयात गेले. सभेला हजर राहण्याचा कोणताही हक्क बातमीदाराला नाही, असा निकाल १९०८ मध्ये लागला. त्यावर ओरड झाली आणि त्याच वर्षी पत्रकारांना सभाप्रवेश देणारा कायदा संसदेने केला. पण नगरपालिकांनी पळवाट शोधून काढली. पूर्ण सभेलाच ‘समिती’ म्हणून घोषित करायचे. माणसे तीच, खुर्च्या त्याच, विषयही तोच, पण कायदा समितीला लागू नाही म्हणून बातमीदार बाहेर. पुढे मुद्रण कामगारांच्या संपाच्या काळात काही नगरपालिकांनी वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना दारातच अडवले, तेव्हा हा विषय पुन्हा पेटला. १९६० मध्ये नवा कायदा झाला. तो मांडला होता मार्गारेट थॅचर या पहिल्यांदाच निवडून आलेल्या खासदाराने, खासगी विधेयकाच्या रूपात. लोकांना बाहेर काढायचे तर तसा ठराव करून त्यातच कारण सांगायचे, असे बंधन या कायद्याने आले. १९८५ च्या कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. कोणत्या प्रकारच्या माहितीसाठी दार लावता येईल याची यादीच त्याने दिली आणि समित्या, उपसमित्यांनाही हा नियम लागू केला.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात असा कायदा १९५३ मध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकाने स्थानिक संस्थांच्या छुप्या बैठकांवर लेखमाला छापली होती. राल्फ ब्राउन या आमदाराच्या नावाने हा कायदा ओळखला जातो. नियमित सभेची कार्यपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. बंद बैठक फक्त ठरावीक विषयांवर घेता येते. जमिनीच्या वाटाघाटी असतील, तर कोणती जमीन आणि बोलणी कोण करणार, हे दार लावण्याआधी उघड सभेत सांगावे लागते. बंद बैठकीत जे निर्णय कायद्याने जाहीर करायला सांगितले आहेत, ते बाहेर येऊन कोणी कसे मत दिले यासह सांगायचे असतात. त्यातली एक तरतूद फार विचारपूर्वक केलेली आहे. एखाद्या कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार बंद दाराआड ऐकायची असली तर त्याला आधी लेखी कळवावे लागते, आणि ‘माझी सुनावणी सर्वांसमोर घ्या’ असे म्हणण्याचा त्याला हक्क आहे. गुप्तता ज्याच्या भल्यासाठी आहे असे सांगितले जाते, त्याला ती नाकारता येते.

इंग्लंडच्या नगरपालिकांनी समितीची जी पळवाट काढली, ती आपल्याला ओळखीची वाटेल. आपल्याकडे मुख्य सभा सहसा बंद होत नाही. तशी गरजच पडत नाही, कारण पैशाचे निर्णय तिथे क्वचितच होतात. ते होतात स्थायी समितीत. १९४९ च्या कायद्याखालच्या महापालिकांत ही समिती १६ जणांची असते आणि त्यातले निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात. आठवड्याला बैठक होते. मोठ्या रकमेचे ठेके मंजुरीसाठी तिथेच येतात, आयुक्तांचे अंदाजपत्रकही आधी तिथेच जाते. खुलेपणाची हमी कायद्याने मुख्य सभेला दिली आहे. स्थायी समितीला ती तितक्या स्पष्ट शब्दांत लागू केलेली नाही.

परिणाम कसा होतो, ते पालिकेचे वार्तांकन करणाऱ्या कोणालाही विचारा. अनेक शहरांत बातमीदार समितीच्या बंद दाराबाहेर व्हरांड्यात ताटकळतात. आत कार्यपत्रिकेवरचे विषय क्रमांकाने पुकारले जातात. काही मंजूर, काही तहकूब, एखादा दप्तरी दाखल. मग ‘ऐनवेळचे विषय’ येतात, ज्यांचा कागद बाहेरच्या कोणी पाहिलेला नसतो. बैठक संपल्यावर अध्यक्ष पत्रकारांना बोलावून निर्णय सांगतात. कोणत्या सदस्याने विरोध केला, कोणती उपसूचना कोणी दिली, एखादा विषय तीन वेळा तहकूब राहून चौथ्या वेळी विनाचर्चा कसा मंजूर झाला, हे त्या सांगण्यात बहुधा नसते. अध्यक्ष खोटे सांगतात असे आम्ही म्हणत नाही. पण सांगणारा निर्णय घेणाऱ्यांपैकीच एक असेल, तर ऐकणाऱ्याला पडताळणी करायला जागा उरत नाही. आणि समितीपुढचा प्रत्येक रुपया शहराचा असतो.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे पक्षबैठक. सभेच्या आधी प्रत्येक पक्षाचे नगरसेवक एकत्र बसतात, कोणत्या विषयावर काय भूमिका घ्यायची ते गटनेता सांगतो आणि सभागृहात तेच होते. पक्षाला आपले धोरण ठरवण्याचा हक्क आहे, तिथे कायद्याने डोकावू नये. मात्र सर्वपक्षीय गटनेत्यांच्या बैठकीत सौदा ठरून सभेत एका दमात पंचवीस विषय मंजूर होऊ लागले, तर ती गटनेत्यांची बैठक हीच खरी सभा ठरते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने हेही ओळखले आहे. बहुसंख्य सदस्यांनी एकामागून एक भेटून किंवा मध्यस्थामार्फत सभेबाहेर विषयाची चर्चा करणे तिथे निषिद्ध आहे. आपल्या राजकीय व्यवहारात हा नियम जसाच्या तसा चालेल असे वाटत नाही. निदान गटनेत्यांच्या बैठकीचे इतिवृत्त ठेवायला काहीच हरकत नाही.

माहिती अधिकार कायद्याचा आधार इथे आहे, पण त्याचा वापर कमी होतो. २००५ च्या या कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या मंडळांची आणि समित्यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात का, हेही त्यात सांगायचे आहे. अर्ज करण्याची गरजच नाही. कलम १० नुसार कागदाचा एखादा भाग गोपनीय असेल, तर तेवढा झाकून उरलेला द्यावा लागतो. म्हणजे ‘बंद बैठक होती, सबब काहीच मिळणार नाही’ हे उत्तर आजच्या कायद्यातही टिकणारे नाही. लैंगिक छळासारख्या प्रकरणांचा अपवाद सोडला, तर चौकशीचा अहवाल मागितल्यावर त्यातले नाव झाकता येईल, पण अख्खा अहवाल सहसा झाकता येणार नाही.

दार उघडे ठेवण्याच्या विरोधात एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि त्यात तथ्य आहे. कॅमेरे आले की सदस्य शहरासाठी बोलत नाहीत, बातमीसाठी बोलतात. कागद फाडणे, राजदंड पळवणे, महापौरांच्या आसनासमोर ठिय्या, हे सगळे खुल्या सभेतच घडते. समितीत शांतपणे काम होते, एकमेकांचे ऐकले जाते, चूक मान्य करता येते. अनुभवी नगरसेवक हे प्रामाणिकपणे सांगतात. तरीही ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ आठवावे. चीनशी युद्ध पेटलेले असताना लोकसभेचे गुप्त अधिवेशन घ्यावे अशी सूचना आली होती. पंडित नेहरूंनी ती मानली नाही आणि सरकारवर सडकून टीका होणारी ती चर्चा उघड्या सभागृहात झाली. सभागृहातल्या गोंधळावर उपाय पीठासीन अधिकाऱ्यांकडे आहे. व्यत्यय आणणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिला आहे, तो त्यांनी वापरावा. दोघाचौघांच्या गोंधळाची शिक्षा शहरातल्या सगळ्यांना देऊ नये.

राज्य सरकारने दोन्ही महापालिका कायद्यांत दुरुस्ती करावी, ही मागणी आहेच. सभा कोणत्या विषयांसाठी बंद करता येईल ते कायद्यात लिहावे, ठरावात कारणाचा प्रकार नोंदवणे सक्तीचे करावे, आणि खुलेपणाचा नियम स्थायी समितीसह सर्व समित्यांना लावावा. पण विधिमंडळाची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. सभेच्या कामकाजाचे नियम करण्याची मुभा मुंबई महापालिकेला तिच्या कायद्यानेच दिली आहे आणि इतर महापालिकांनाही नियमांची वाट मोकळी आहे. नव्या सभागृहांना पहिल्याच वर्षात हे करता येईल. बंद बैठकीचे मतदान नावानिशी नोंदवावे. तिथे झालेला निर्णय त्याच दिवशी खुल्या सभेत वाचून दाखवावा. इतिवृत्त मोहोरबंद ठेवायचे असेल, तर ते कोणत्या तारखेला उघडणार ते त्याच ठरावात लिहावे. स्थायी समितीत पत्रकारांना आणि नागरिकांना बसू द्यावे आणि ऐनवेळच्या विषयांचे कागद बैठक सुरू होण्याआधी संकेतस्थळावर टाकावेत. यातल्या कशालाही मोठा खर्च येत नाही.

वाचकांनीही एक करावे. महापालिकेच्या सभेचे इतिवृत्त मुख्य कार्यालयात नाममात्र शुल्क भरून कोणालाही पाहता येते. हा हक्क नवा नाही, जुन्या कायद्यातलाच आहे. आपल्या प्रभागाचा एखादा विषय निवडावा, नगरसचिवांच्या कार्यालयात जावे आणि त्याचे इतिवृत्त मागावे. स्थायी समितीची बैठक ऐकायला बसू देता का, असे लेखी विचारावे. नाही म्हणाले, तर कोणत्या नियमाने, हे लिहून घ्यावे आणि तो कागद घेऊन आपल्या नगरसेवकाला भेटावे.