तुमच्या कॉर्नरला कोण उभं आहे?



शनिवारी रात्री शटर अर्धं खाली ओढलं की आमच्या दुकानात चहा येतो आणि बॉक्सिंगवर वाद सुरू होतो. सगळ्यात भारी कोण? एक जण म्हणतो मेवेदर. 50 लढती, 50 विजय. दुसरा म्हणतो टायसन. 20व्या वर्षी हेवीवेट चॅम्पियन. बाजूच्या दुकानातला पोरगा म्हणतो, जुनं सोडा, आताचा उसिक बघा. मी अलीचा माणूस. तो 5 वेळा हरला, तरी माझं मत बदलत नाही. फ्रेझर, नॉर्टन, फोरमन... त्याने कोणाला टाळलं नाही.

पण धंदा करणाऱ्याने ज्याच्याकडून शिकावं, त्याचं नाव या वादात कधी निघतच नाही. एडी फच.

1 ऑक्टोबर 1975, मनिला. अली आणि फ्रेझरची तिसरी लढत. आधीच्या दोनपैकी एक याची, एक त्याची. 14 राउंड झालेले, एकच बाकी. फ्रेझरचा चेहरा इतका सुजलेला की समोरून येणारा ठोसा त्याला नीट दिसत नव्हता. तरी त्याला उठायचं होतं. फच त्याचा ट्रेनर. त्याने ऐकलं नाही, लढत थांबवली. फ्रेझर हरला, पण 2011 पर्यंत जगला.

आता माझं सांगतो. माझ्या दुसऱ्या दुकानात अलीचा मोठा फोटो लावला होता. तिसऱ्या महिन्यात बायकोने वही समोर ठेवली. गल्ल्यातून भाडं आणि पोराचा पगारसुद्धा निघत नव्हता. ती म्हणाली, "बंद करू या." मी म्हणालो, "मी हार मानणारा माणूस नाही." हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं. पुढे 11 महिने मी ते दुकान ओढलं. पहिल्या दुकानाचा नफा त्यात गेला, मग तिचं सोनं गहाण गेलं. कुलूप शेवटी लागलंच. तिसऱ्या महिन्यात लावलं असतं तर सोनं घरात राहिलं असतं.

म्हणून "कधीच थांबू नका" सांगणारे मोटिवेशनल व्हिडिओ मला आता खटकतात. खुद्द अलीकडेच बघा. 1980 मध्ये, 38 वर्षांचा असताना तो लॅरी होम्ससमोर उतरला. 10 राउंड मार खाल्ल्यावर त्याच्या कॉर्नरने लढत थांबवली. तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा रिंगमध्ये गेला, पुन्हा हरला.

तुम्ही म्हणाल, असं लगेच थांबलो तर धंदा उभा कधी राहणार? बरोबर प्रश्न आहे. 1974 मध्ये किन्शासाला फोरमनसमोर अली राउंडमागून राउंड दोरांना टेकून मार खात होता. बघणाऱ्यांना वाटलं, संपला. पण प्रत्येक राउंडला फोरमन दमत होता, त्याचे ठोसे हलके पडत होते. आठव्या राउंडला अलीने त्याला झोपवलं.

फरक इथेच आहे. समोरचा दमतोय की तुम्ही? धंद्यात हे छातीवर हात ठेवून कळत नाही, वहीत कळतं. तोटा दर महिन्याला कमी होतोय, तेच गिऱ्हाईक पुन्हा येतंय, तर टिकून राहा. तोटा तेवढाच आहे आणि फक्त उधारी वाढतेय, तर ती जिद्द नाही, अहंकार आहे.

दुकान उघडण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. जास्तीत जास्त किती रुपये घालणार. किती महिने थांबणार. आणि "आता बस" म्हणायचा हक्क कोणाला देणार. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण मार खाताना आपल्याला आपला चेहरा दिसत नाही. तो माणूस हिशोब कळणारा हवा, आणि तुम्हाला न घाबरणारा.

माझ्या कागदावर तिसऱ्या ओळीत आता बायकोचं नाव आहे. अलीचा फोटो अजून भिंतीवर आहे. त्याच्या खाली वहीचं कपाट आहे, आणि त्याची किल्ली तिच्याकडे असते.