तरवा पिवळा पडतोच

आमच्या बाहेरच्या खोलीत सध्या एक लहानसं तळं आहे. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. तळाशी माती, त्यावर बारीक रेती, रेतीत लावलेल्या पाणवनस्पती आणि दहा-बारा इवलेसे मासे. येणारा-जाणारा घटकाभर थांबतो आणि विचारतो, "किती दिवस लागले हो?" मी सांगतो, "सहा महिने." त्यातले पहिले दोन माझ्या घाईने वाया गेले, हे मात्र सांगत नाही. आज तेच सांगतो.

गेल्या वर्षी वडील गेले आणि चंदगड तालुक्यातल्या गावी एकट्या पडलेल्या आईला मी बेळगावात घेऊन आलो. त्याच सुमारास मुलीने माशांच्या टाकीचा हट्ट धरला. ताकाशी आमानो नावाच्या जपानी कलावंताने पाण्यातल्या बागा जगभर लोकप्रिय केल्या. त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात उभारलेली ४० मीटर लांबीची बाग २०१५ साली खुली झाली, त्याच वर्षी ते वारले. मुलीने त्या बागेचे फोटो दाखवले आणि मीही भुललो. आपलीही बाग अगदी तशीच हवी, आणि तीही येत्या रविवारपर्यंत!

दुकानदाराने बजावलं होतं, "महिनाभर मासे सोडू नका." मी दुसऱ्याच दिवशी सहा सोडले. आठवड्यात चार मेले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी. नायट्रेटचा त्रास त्या मानाने पुष्कळच कमी, शिवाय ते झाडांचं खत. पण नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पैसे मोजून ते आठवडे विकत मिळत नाहीत.

मग क्रिप्टोकोरिन नावाची रोपं आणली. चार दिवसांत त्यांची पानं विरघळल्यासारखी झाली, बुळबुळीत होऊन गळू लागली. मी एक रोप उपटून मूळ बघितलं, परत खोचलं. दुसऱ्या दिवशी दुसरं उपटलं.

आई खुर्चीत बसून बघत होती. गावाहून आल्यापासून ती जेवण आणि झोप यापलीकडे फारसं बोलत नव्हती. ती एकदम म्हणाली, "उपटून काय बघतोस? तरवा लावला की आठ-दहा दिवस पिवळा पडतोच. रोज उपटलास तर मूळ कधी धरायचा?"

उभा जन्म भाताची लावणी केलेली बाई ती. मी हात पुसून उठलो. पण रात्री झोप येईना. आईशी तरी आम्ही दुसरं काय करत होतो? रोज सकाळी विचारायचं, "करमतंय ना?" आल्या आठवड्यातच तिला भजनी मंडळात नेऊन बसवलं. तिची ट्रंक आम्हीच उघडून लुगडी कपाटात लावली. सगळं मायेनेच, पण होतं ते उपटून बघणंच.

दुसऱ्या दिवसापासून दोन्हीकडे हात आवरला. टाकीचा दिवा दिवसाला आठ तासच, कारण जास्त उजेडाने शेवाळ माजतं. दर रविवारी पाव हिस्सा पाणी बदलायचं. बाकी काही नाही. आईची लुगडी परत ट्रंकेत गेली आणि किल्ली तिच्या कनवटीला.

तिसऱ्या आठवड्यात रेतीतून एक कोवळं पान वर आलं. ते जुन्या पानांसारखं नव्हतं. अरुंद आणि तांबूस होतं. दुकानातली ही रोपं बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात आली की जुनी पानं टिकत नाहीत. मूळ तेच राहतं, पण नवं पान पाण्याच्या हिशेबाने येतं.

आईचंही तसंच झालं. भजनी मंडळात ती पुन्हा गेली नाही. पण खालच्या मजल्यावरच्या कानडी आजींबरोबर दुपारी जिन्यात बसून शेंगा सोलू लागली. एक मराठीत बोलते, दुसरी कन्नडमध्ये. दोघींचं सगळं एकमेकींना कळतं. गावाच्या घराला ती अजून 'आपलं घर' म्हणते, आणि इथल्याला 'तुमचं'. म्हणू दे.

आमची टाकीही फोटोसारखी झाली नाही. मागे लावलेली गवतासारखी व्हॅलिस्नेरिया रेतीखालून धुमारे सोडत पुढे आली आणि माझ्या आराखड्यातली मोकळी जागा तिने भरून टाकली. मी आराखडाच सोडून दिला.

परवा आई टाकीपाशी वाकून बघत होती. म्हणाली, "फार दाट झालंय रे. आता विरळ कर. उपटलेली चार रोपं खालच्या आजीला दे. तिच्या नातवानंपण काच आणलीय."