सहलीला जा, पण कुणाच्या तरी घरी उतरा

थंडी सुरू झाली की आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. २ डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाला जोडून रजा टाकली की चार-पाच दिवस हाताशी येतात. मग कुणी कॅराव्हॅन भाड्याने घेतात, मागे सायकली बांधतात आणि सहकुटुंब अमिरातींच्या दौऱ्यावर निघतात. "मराठीचा वर्ग बुडतो, त्याचे काय?" असा प्रश्न दरवर्षी निघतो. आमचे मत विचाराल तर एखादा वर्ग बुडाला तरी चालेल. मात्र अट एकच: वाटेत निदान दोन आपल्या माणसांच्या घरी उतरायचे.

अट घालायचे कारण असे. कॅराव्हॅनमध्ये शेगडी, पाण्याची टाकी, झोपायची जागा सगळे असते, त्यामुळे कुणाचेच दार वाजवावे लागत नाही. शारजाला आत्या राहते, अल ऐनला बाबांचा मावसभाऊ, रास अल खैमाला आईची शाळेतली मैत्रीण. पण "कशाला त्यांना त्रास? फ्लॅट लहान, मुलांच्या परीक्षा" असे म्हणत आपण त्यांच्या इमारतीवरून पुढे जातो. फार तर मॉलमध्ये तासभर भेटतो. आमच्या लहानपणी पाहुणे म्हणजे मुक्काम असे. जमिनीवर ओळीने गाद्या पडत, सकाळी आंघोळीला नंबर लागत आणि रात्री उशिरापर्यंत चाललेल्या गप्पांतून आम्हांला आमचे नातेवाईक कळत.

खरे तर कॅराव्हॅनमुळे हे सोपे व्हायला हवे. झोपायला खाली गाडीत, जेवायला वर घरात. यजमानांना गाद्या काढायला नकोत आणि पाहुण्यांनाही संकोच नको. रात्री गाडी कुठे उभी करता येते याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तेव्हा तेवढे आधी विचारून घ्यावे. शारजातल्या शाळा व सरकारी कचेऱ्यांना जानेवारी २०२२ पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सुटी असते. शुक्रवारी आत्या घरी सापडण्याचा संभव अधिक!

आता भाषेचे पाहू. वर्गात मुलांच्या कानांवर एकाच धाटणीची, पुस्तकातली मराठी पडते. मधल्या सुटीत ती आपसांत इंग्रजीच बोलतात, हे आपण सारे जाणतो. पण मालवणी काकूंच्या घरी मुलगा 'झील' असतो आणि मुलगी 'चेडू'. नागपूरकडच्या काकांच्या घरी तोच मुलगा 'पोट्टा' होतो आणि कोल्हापूरकरांकडे 'पोरगं'. ही मराठी आम्ही फळ्यावर लिहून शिकवू शकत नाही. ती ताटावर बसून, "अजून एक घे की" असा आग्रह ऐकतच शिकावी लागते.

मुलांनो, आता सायकलीविषयी. हा देश मोटारीला फार लहान आहे. अबू धाबी ते दुबई सुमारे १४० किलोमीटर, दीड तासाचा रस्ता. काचेतून वाळू सगळी सारखीच दिसते. पण दुबईजवळ अल कुद्राच्या ८० किलोमीटरहून लांब सायकलमार्गावर थोडे अंतर जरी गेलात, तरी वारा कुठून येतो ते पायांना कळेल. वाटेत घाफचे झाड दिसले तर थांबा. हा या देशाचा राष्ट्रीय वृक्ष, आणि दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी हीच! अल ऐनच्या मरूद्यानात फलजचे पाणी खजुराच्या बागांतून फिरते. कोकणात आजोबांच्या वाडीतला पाट ज्याने पाहिला आहे त्याला ते समजावून सांगावे लागणार नाही. जेबेल हाफीत सुमारे १२५० मीटर उंच, म्हणजे १६४६ मीटरच्या आपल्या कळसूबाईहून ठेंगणा. त्याचा घाटरस्ता मात्र यूएई टूरच्या सायकलपटूंनाही घाम फोडतो, म्हणून लहानांनी पायथ्याशीच फिरावे.

गाडी आणि सायकल यांची जोडी आपल्याला नवी नाही. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. तरुण मुले-मुली सायकलींवर होती. पाठीच्या दुखण्यामुळे बसता न येणारे बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर होते. घाई असती तर हा प्रवास आगगाडीने झाला असता. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिकेची सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पुरी केली. तिथेही साथीदारांच्या गाड्या सायकलीच्या तालाने चालतात. आपल्या सहलीतही गाडीने सायकलीसाठी आणि माणसांसाठी थांबावे, एवढेच आमचे म्हणणे.

काही पालक म्हणतील, कॅराव्हॅनचे भाडे परवडत नाही. त्यांनी साधी मोटार न्यावी. सायकली भाड्याने मिळतात. काही म्हणतील, इथे सायकल म्हणजे धोका. हमरस्त्यावर आहेच, म्हणून फक्त राखीव मार्गांवर, हेल्मेट घालून आणि ऊन चढण्याआधी चालवावी. आणि ज्यांचे इथे नातेवाईकच नाहीत त्यांनी वर्गातल्या एखाद्या मित्राच्या घरी जावे. परदेशात नाती थोडी जन्माने येतात आणि बरीचशी जाऊन-येऊन जोडावी लागतात. अठराव्या वर्षी आपली मुले शिकायला भलत्याच देशांत पांगतील. इथली घरेही नोकरीबरोबर बदलतील. तेव्हा कुणाकडे हक्काने "आलोय हो" म्हणायचे, ते आत्ताच ठरते आहे.

म्हणून आमची सूचना अशी. सुटीनंतर प्रत्येक मुलाने अर्धे पान लिहून आणावे: कुणाच्या घरी उतरलात, काय जेवलात, आणि आपल्या घरात न वापरला जाणारा कोणता मराठी शब्द तिथे ऐकलात. पान आणले तर त्या दिवसाची गैरहजेरी पुसावी. बाईंनी याला होकार द्यावा, अशी आम्हा पालकांची विनंती आहे.