आडनाव बदलले, लेख कुणाचा?

आपल्या वस्त्यांतल्या मुली आता पीएच.डी. करू लागल्या आहेत. प्रबंध होतो, दोन-चार लेख छापून येतात आणि मग सारे कपाटात पडून राहते.

पहिल्या लेखावर माहेरचे आडनाव, नंतरच्यावर सासरचे. कांबळेचे इंग्रजी स्पेलिंग तर कारकुनागणिक वेगळे (आम्हीही कारकूनच, म्हणून ठाऊक!). मग एकाच बाईचे काम तिघींच्या नावावर विखुरते. यासाठी ऑर्किडवर नोंदणी करावी, असे आम्ही सांगतो. २०१२ साली सुरू झालेल्या या नोंदणीत संशोधकाला १६ अंकी क्रमांक फुकट मिळतो. आडनाव बदलले तरी तो बदलत नाही, आणि नावाची सगळी रूपे तिथे लिहून ठेवता येतात. लेख पाठवताना हा क्रमांक द्यावाच.

गूगल स्कॉलरवरही आपले पान उघडावे. पण तिथे यंत्र आपणहून लेख जोडते. नामसाधर्म्यामुळे भलत्याचाच लेख आपल्या खात्यात येतो. तो लगेच काढावा, नाहीतर मुलाखतीत उगाच चोरीचा आळ यायचा.

प्रबंध 'शोधगंगा'वर चढला का, हे विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारावे. यूजीसीच्या नियमाने त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत विद्यापीठाने द्यायचीच असते.

आणि हो, विद्यापीठाचा ई-मेल शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकतो. ऑर्किडला स्वतःचा खाजगी ई-मेलही जोडून ठेवावा.